आतून कडी

माझ्या दंडांवर नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत भरपूर चर्चा झालेली आहे. "बाईमाणसाला शोभतं का हे", "नवऱ्याला मारत असेल का" इथपासून ते "वहिनी, एवढा सिलिंडर वर नेऊन देता का" इथपर्यंत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे पहिली दोन वाक्यं बोलणाऱ्यांनाही कधी ना कधी तिसरं बोलावं लागायचं.

त्याच दंडांनी एका हिवाळ्यात मला सोडून दिलं. जीबीएस नावाचा आजार झाला. शरीराचं रक्षण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते, एवढं समजलं तरी पुरे. बाकीचं डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना सांगायला वेळ नसतो ते मी सांगणार आहे. ज्यांच्या घरात हा आजार काल-परवाच आला असेल आणि जे आत्ता दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर भलभलतं वाचत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तो मोबाइल आधी खाली ठेवा. बहुतेक माणसं यातून उठतात. मीही उठले. आज माझा दंड पूर्वीच्या मानाने काडी आहे, पण मी चालते, पोळ्या लाटते आणि जिममध्ये बायकांची बॅच घेते. स्पर्धेचं अजून ठरवलेलं नाही.

खांदे

मुलगी झाल्यानंतर माझी कंबर धरली. तन्वी रांगायला लागली तरी मला वाकता येईना, म्हणून जिमला गेले. बाकी काही मनात नव्हतं. दुपारच्या बायकांच्या बॅचला गणेश सर शिकवायचे. एक दिवस म्हणाले, "वैशाली मॅडम, खांदे देवाने दिलेत, वाया घालवू नका." तोवर माझ्या खांद्यांबद्दल फक्त ब्लाउज शिवणारी बाई बोलली होती, आणि तीही तक्रारीच्या सुरात. मला ते वाक्य इतकं आवडलं, की पुढची आठ-नऊ वर्षं त्याच वाक्यावर निघाली.

शरीरसौष्ठवाच्या पहिल्या स्पर्धेत अंगाला तपकिरी रंग फासून, एवढ्याशा कपड्यांत स्टेजवर उभी राहिले आणि तिसरी आले. पेपरात फोटो आला. माझे सासू-सासरे हरसूलकडचे, शेती करणारे. तिथल्या बाजाराच्या दिवशी कुणीतरी तो पेपर सासूबाईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या आमच्या दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"एवढ्या लोकांम्होरं अशी उभी राहतेस," त्या म्हणाल्या, "आन् माझ्यासमोर पदर घ्यायला तुला जड जातं?"

मी म्हणाले, "आई, तो खेळाचा पोशाख आहे."

"आसंल," म्हणाल्या आणि गेल्या. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि आमच्याकडे यायचंही बंद केलं. सणाला आम्ही जायचो, त्या मला नागलीची भाकरी वाढायच्या, जास्त बोलायच्या नाहीत. मीही हट्टी. त्यांच्यासमोर मुद्दाम अर्ध्या बाह्यांचे ब्लाउज घालायचे.

कटिंग

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, कटिंग. चहाचं नव्हे आणि केसांचंही नव्हे. स्पर्धेच्या आधी अंगातली चरबी आणि पाणी उतरवायचं, म्हणजे स्नायू चिरल्यासारखे दिसतात. त्या दिवसांत मीठ कमी, भात-पोळी कमी, शेवटी पाणीही कमी. माणूस चिडचिडा होतो, चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात. येणारच. त्या आल्या नाहीत तरच आम्हाला काळजी वाटते.

त्या वर्षी स्पर्धा तोंडावर असताना माझं पोट बिघडलं. चार दिवस जुलाब. वजन आपोआप उतरलं म्हणून मी चक्क खूश झाले. मग पायाच्या बोटांत मुंग्या आल्या. मला वाटलं, कटिंग. बोटांतून त्या घोट्यापर्यंत चढल्या. कटिंग. कंगवा धरताना हात दुखून आला. गणेश सरांना फोन केला तर तेही म्हणाले, "मॅडम, बॉडी ड्राय होतेय, छान लक्षण आहे." त्यांचा दोष नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. दुसऱ्या कुठल्याही बाईने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. पाय लुळे पडताहेत आणि ती आरशात बघून खूश होतेय, हा मूर्खपणा फक्त आमच्यातल्यांनाच जमतो.

रविवारी दुपारी आम्ही खाली मांडी घालून जेवायला बसलो होतो. संदीपच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ताटात मटण, माझ्या ताटात काकडी आणि अंड्याचा पांढरा भाग. जेवण झालं, हात टेकला आणि उठायला गेले. उठता येईना. परत प्रयत्न केला. खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढणारी मी, आणि मला रिकामं ताट घेऊन उठता येईना.

संदीप म्हणाला, "नाटकं नको करू, भांडी मी घासतो."

मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

खालच्या मजल्यावरचे शेजारी आणि संदीप, दोघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं. तोही नाही. मला खरंच वाटलं, हातोडी बिघडलीय.

"कधीपासून आहे हे?"

"सर, माझं कटिंग चालू आहे ना, म्हणून..."

"कुठे कापलंय?" डॉक्टरांनी माझे पाय निरखून विचारलं.

मला हसू आलं. संदीपलाही आलं. डॉक्टरांना आलं नाही. ते संदीपला बाहेर घेऊन गेले. दाराच्या काचेतून मला त्याची फक्त पाठ दिसत होती. ओझरच्या कारखान्यात फिटर आहे तो, ताठ चालणारा माणूस. ती पाठ हळूहळू वाकत गेली, तेव्हा मला कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे.

एका श्वासात

आयसीयूत रोज एक परीक्षा असायची. डॉक्टर म्हणायचे, श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जितके म्हणता येतील तितके आकडे म्हणा. छातीचे स्नायू किती चालतात ते त्यावरून कळतं. मी जिममध्ये वर्षानुवर्षं आकडे म्हणत आलेली बाई. सकाळी म्हटलेल्या आकड्यापेक्षा संध्याकाळचा आकडा लहान व्हायला लागला. कोपऱ्यात श्वासाचं मशीन तयार ठेवलेलं होतं, झाकून. झाकलं होतं तरी मला ते दिसायचंच.

मला मरायची भीती वाटली. सरळ लिहिते, कारण त्या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "तू स्ट्राँग आहेस, तुला काय होतंय." हे वाक्य रुग्णाला म्हणू नका. मग त्याला घाबरायलाही जागा उरत नाही.

मशीन लागलं नाही. सलाईनमधून औषध सुरू झालं होतं. आकडा एका जागी थांबला आणि मग मुंगीच्या पावलाने वाढायला लागला. पण तोवर चेहरासुद्धा गेला होता. डोळे नीट मिटत नव्हते, ओठ हलत नव्हते. तन्वीला माझ्या माहेरी सिन्नरला ठेवलं होतं. तिने व्हिडिओ कॉल केला. मी हसत होते, आतून अगदी खूप हसत होते.

"मम्मी, तू रागावलीस का माझ्यावर?" तिने विचारलं.

चेहरा हसत नव्हता हे मला तेव्हा कळलं. संदीपने फोन स्वतःकडे वळवला आणि म्हणाला, "तुझी मम्मी सध्या पोज होल्ड करून बसलीय." पोरगी हसली. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचं सगळं जुनं घोरणं माफ केलंय.

एकच मागणं

आता जे लिहिते ते लिहू की नको, असा पुष्कळ विचार केला. पण यातून जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे सोसावं लागतं आणि कुणी बोलत नाही.

शेकडो लोकांसमोर मी दोन चिंध्यांत उभी राहिलेली आहे आणि मला कधी लाज वाटली नाही. ते अंग माझं होतं, मी घडवलेलं होतं, मी दाखवत होते. दवाखान्यात मात्र खाटेवरच संडासाचं भांडं द्यायचे. दोघी जणी माझी कूस बदलायच्या, कुणीतरी पुसायचं, पलीकडे दुसऱ्या रुग्णाचे नातेवाईक डबा उघडून जेवत बसलेले. लाज म्हणजे काय ते मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

लोक विचारायचे, बरी झालीस की काय करणार? स्टेजवर जाणार ना? मी मान हलवायचे. खरं मागणं एकच होतं. मला एकटीला संडासात जायचं होतं. दार लावून, आतून कडी घालून. बाहेर कुणी नको, हात धरायला कुणी नको. देवाकडे तेवढंच मागायचे. इतकं लहान मागणं ऐकून देवालाही वाटलं असेल, ही बाई चेष्टा करतेय.

जनरल वॉर्डात हलवलं त्या दिवशी सासूबाई आल्या. काखेत कापडी पिशवी, पिशवीत नागलीचं पीठ. माझ्याकडे बघितलं. वजन निम्मं झालेलं, गाल बसलेले. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगत होते. त्यांनी पिशवी खाटेखाली सरकवली. वॉर्डातली मावशी भांडं घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"राहू दे बाई, मी करते. माझी सून हाय."

मी म्हणाले, "आई, तुम्ही नका."

"गप. संदीपचं केलं, तुझ्या सासऱ्याचं केलं, तुझं काय सोन्याचं हाय?"

वॉर्डातला पडदा तोकडा होता, दोन्ही बाजूंनी फट राहायची. सासूबाईंनी स्वतःचा पदर सोडला, हात लांब केला आणि त्या फटीवर धरून उभ्या राहिल्या. तोंड दुसरीकडे करून. रोज, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. मी उशीत तोंड खुपसून रडले. तेवढं मात्र जमत होतं.

नापास

श्रुती मॅडम आमच्या फिजिओथेरपिस्ट. वयाने माझ्याहून लहान, पण हुकूम हवालदाराचा. पहिल्याच दिवशी बजावलं, "थकायच्या आधी थांबायचं. तुमचे स्नायू ठीक आहेत, नसा दुरुस्त होताहेत. ताणलं तर मागे जाल."

मी "हो" म्हणाले आणि मनात हसले. आमच्यात सगळं शिक्षण याच्या उलट असतं. फेल होईपर्यंत मारायचं. म्हणजे वजन हातातून सुटेपर्यंत, स्नायूने नाही म्हणेपर्यंत. आणि त्याने नाही म्हटलं की, अजून एक. बॅचमधल्या बायकांना मी हेच ओरडून सांगत आले. शिवाय मला घाई होती. पायात जोर आला की संडासाच्या त्या दारापर्यंत जाता येणार होतं.

तेव्हा दुपारी सगळं सामसूम झालं, सासूबाईंचा डोळा लागला, की मी चादरीखाली पाय उचलायचे. एक, दोन, फेल. थोडं थांबून पुन्हा. फार बरं वाटलं. आपण आपल्या जागी परत आलो असं वाटलं.

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी श्रुती मॅडमनी पाय उचला म्हटलं, तर टाचसुद्धा हलली नाही. आठवड्याभरात कमावलेलं सगळं गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "काय केलंत?"

मी सांगितलं. फेल म्हणजे काय, तेही सांगितलं. सासूबाई पलीकडे लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "फेल म्हंजी नापास ना?"

"हो आई."

"म्हंजी तुमच्यात नापास होणाराला शाबासकी देत्यात?"

श्रुती मॅडम इतक्या हसल्या की रागवायच्या राहूनच गेल्या. त्या गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. लसणाचा हात पदराला पुसून माझ्या पोटरीवर ठेवला. जिथे पूर्वी दगडासारखी पोटरी होती, तिथे आता कातडी लोंबत होती. त्या हळूहळू चोळत राहिल्या.

"बैल बसायच्या आदी औत सोडायचं आसतं," त्या म्हणाल्या. "बसला की मंग लय जड. दिसंदिस उठत नाय."

श्रुती मॅडमनी हेच सांगितलं होतं. पण सासूबाई बैल म्हणाल्या तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्या दिवसापासून मी थोडं राखून थांबायला शिकले. तुम्हाला सांगते, शंभर उठाबशा काढण्यापेक्षा पाचवर थांबणं अवघड आहे. अजूनही मला ते धड जमत नाही. कधी कधी सासूबाईंचा फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "औत सोडलं का?"

घर

घरी आले तेव्हा वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालता येत होतं. जिना मात्र पुन्हा खुर्चीतूनच. तन्वी अजून सिन्नरलाच होती, सासूबाई मात्र आमच्याबरोबर घरी आल्या. सिलिंडरवाले सगळे शेजारी खाली हजर होते. एक जण म्हणाला, "वहिनी, आता आमची पाळी." मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्हीला हात उचलत नव्हता.

संडासापर्यंत गेले आणि बघते तर दाराच्या आत कडीच नाही. चार स्क्रूंची भोकं तेवढी.

"मी काढली," संदीप म्हणाला. "आत पडलीस तर?"

मी भांडले. दवाखान्यात साठलेलं सगळं त्या कडीवर निघालं. मी म्हणाले, "जनावराच्या गोठ्यालासुद्धा कडी असते." तो म्हणाला, "आणि दार फोडून तुला बाहेर काढायची वेळ आली तर? खुर्चीतून उतरवताना तुझी मान कशी लटकली होती ते तू बघितलं नाहीस. मी बघितलंय." एवढं बोलून तो गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याचंही खरं होतं, हे मला पटत होतं आणि तरी पटत नव्हतं. आजारी माणसाच्या घरात भांडणं होतात. झाली तर घाबरू नका. बहुतेक वेळा दोघंही घाबरलेले असतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत ऊन आलं होतं. सासूबाई माझ्या पायाला तेल लावत होत्या. मध्येच, मी काही विचारलं नसताना, बोलायला लागल्या.

"आमच्या टायमाला संडास कुठं व्हता? दिवसभर दाबून धरायचं. अंदार पडायची वाट बघायची. मी नवी लग्न होऊन आले, चौदा-पंदरा वर्साची. येकदा पोट बिगडलं, दिवसाढवळ्या. रडत बसले. तवा माझी जाऊ घेऊन गेली मला ओढ्याकडं. येकीनं बसायचं, येकीनं रस्त्याकडं तोंड करून उबं ऱ्हायाचं. त्या बाईनं मला कवाच येकटं सोडलं नाय. मरस्तवर उपकार नाय इसरणार."

मग म्हणाल्या, "पेपरात तुझा फोटू बघितला ना, तवा मला तेच आलं मनात. आमी जलमभर झाकत ऱ्हायलो. आन् ही उबी हाय उजेडात. राग आला का आजून काय आलं, मलाबी नाय कळलं."

मी त्यांचा तेलकट हात धरला. त्यांनी धरू दिला.

पुढच्या दिवशी संदीप ओझरला गेल्यावर त्या एकट्या जिना उतरून गेल्या. या बाईने कधी आमच्या कोपऱ्यावरचं दूधही एकटीने आणलेलं नाही. थोड्या वेळाने एक सुतार त्यांच्या मागून वर आला. पंधरा मिनिटं ठोकाठोक, आणि दाराला नवी, पितळी कडी. जरा मोठीच होती. देवघराला शोभेल अशी.

संध्याकाळी संदीपने ती बघितली. "आई, हे काय?"

"कडी हाय."

"ते दिसतंय. पण ती पडली तर?"

"पडंल. मंग उचलू. तू व्हय बाजूला, बाप्या माणसाला त्यातलं नाय कळत."

त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी एका अटीवर तयार झाला. सासूबाईंनी बाहेर उभं राहायचं, मिनिटामिनिटाला हाक मारायची, आणि मी ओ द्यायची.

मी वॉकर धरून निघाले. आत गेले. दार लोटलं. बोटांत अजून बळ नव्हतं, कडी नवी आणि घट्ट. अंगठ्याने ढकलली, सरकली नाही. तळव्याने ढकलली. दम लागला, थांबले. मग पुन्हा तळवा लावला आणि ती खट् करून बसली.

मी कमोडवर बसले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. वरच्या खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, बादलीत नळ टपकत होता. माझं अंग, कसंही असलं तरी, पुन्हा माझ्या एकटीचं होतं. मला रडू आलं आणि या वेळी चेहराही बरोबर रडला.

बराच वेळ झाला. बाहेरून हाक आली नाही. मला शंका आली.

"आई, आहात ना?"

"हाय."

"हाक नाही मारलीत?"

दाराला लागून, अगदी जवळून आवाज आला. "बस निवांत. मी उबी हाय. कुणी येत नाय."